काही उघडलेलं नसताना कॉम्प्युटर का दमतो? बॅकग्राउंड प्रोसेस, सीपीयू आणि डिस्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादर ते गिरगाव या पट्ट्यातल्या घरांचे, क्लासेसचे आणि छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. दहातले सात फोन एकाच वाक्याने सुरू होतात: ‘पीसी हँग होतोय.’ हँग म्हणजे नक्की काय, हे विचारलं की समोरचा वैतागतो, आणि त्याचं वैतागणं बरोबरच असतं. म्हणून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि माझी नेहमीची उत्तरं एकदाच लिहून काढली आहेत. बहुतेक सगळं विंडोज १० आणि ११ बद्दल आहे, कारण माझ्या गिऱ्हाइकांकडे तेच असतं.

अहो, काहीच उघडलेलं नाही, तरी पंखा घोंघावतोय आणि डिस्कचा दिवा विझत नाही. आत चाललंय काय?

बहुतेक वेळा घरकाम. अपडेट बसवणं, व्हायरस शोधणं, डिस्क आवरणं ही कामं विंडोज स्वतःच उरकत असतं. त्यासाठी ‘ऑटोमॅटिक मेंटेनन्स’ नावाची सोय आहे आणि तिची ठरलेली वेळ आहे रात्रीचे २. आता मुंबईत किती घरांत रात्री दोनला पीसी चालू असतो? झोपण्याआधी भिंतीवरचा स्विच बंद करायचा, ही आपली लहानपणापासूनची शिस्त. त्यामुळे ते काम तुंबत जातं. मग कधीतरी मशीन चालू आहे आणि माउसला कोणी हात लावत नाही असं दिसलं, की विंडोज तेवढ्यात उरकून घ्यायला बघतं. तुम्ही चहा टाकायला उठता आणि परत येता तर पंखा बोंबलतोय.

यावर सगळ्यात स्वस्त इलाज असा: पंधरा दिवसांतून एकदा, रविवारी जेवून आडवे होता तेव्हा पीसी चालू ठेवा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून, आणि तेवढ्यापुरतं स्लीप बंद करून. दोन तासांत बरंचसं तुंबलेलं काम निघून जातं.

अर्ध्या-पाऊण तासात आपोआप शांत होणारा भार मी बिघाड धरत नाही. तेच नाव दोन-तीन दिवस टास्क मॅनेजरच्या, म्हणजे कोण किती खातंय ते दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीतल्या, यादीत पहिलं दिसत राहिलं, तर मात्र बघावं लागतं.

टास्क मॅनेजर उघडला. आता बघू कुठे?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की तो थेट उघडतो. विंडोज १० मध्ये छोटीशीच खिडकी आली, तर खाली ‘मोअर डिटेल्स’ आहे. ‘प्रोसेसेस’मध्ये, म्हणजे चालू प्रोग्रामांच्या यादीत, सीपीयू (प्रोसेसर), मेमरी, डिस्क असे रकाने असतात. ज्याची तक्रार आहे त्या रकान्याच्या डोक्यावर क्लिक करा, सगळ्यात जास्त खाणारा वर येतो. यादी सतत वरखाली उड्या मारते आणि नाव वाचेपर्यंत निसटतं. अशा वेळी कंट्रोलचं बटण दाबून धरा, यादी थिजते. ही युक्ती फारशी कोणाला माहीत नसते.

मशीन नुकतंच चालू केलं असेल तर पहिली दहा मिनिटं काहीच निष्कर्ष काढू नका. त्या वेळी सगळेच धावत असतात.

आणखी एक जागा आहे, मी सगळ्यात आधी तीच बघतो. ‘डिटेल्स’मध्ये जा, रकान्यांच्या डोक्यावर उजवं क्लिक करा, ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून ‘सीपीयू टाइम’ निवडा. आत्ता या क्षणी कोण खातंय हे सगळेच बघतात. सीपीयू टाइम सांगतो की ती प्रोसेस सुरू झाल्यापासून तिने एकूण किती वेळ प्रोसेसर वापरला. सकाळपासून चार तास मशीन चालू आहे आणि एखाद्या प्रिंटरच्या फुटकळ प्रोग्रामापुढे तीन तास दिसतायत, तर आणखी काही शोधायची गरज नाही. आपण बघायला गेलो की शहाण्यासारखे वागणारे चोरही इथे सापडतात.

डिस्कसाठी मात्र टास्क मॅनेजर अपुरा पडतो. स्टार्टमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ शोधा आणि त्यातलं ‘डिस्क’ उघडा. कोणती प्रोसेस कोणत्या फाइलवर काम करतेय, आणि प्रत्येक फाइलला किती मिलिसेकंद लागतायत, दोन्ही तिथे दिसतं. प्रोसेसचं नाव परकं वाटतं, पण फाइलचं नाव ओळखीचं निघतं: ‘अरे, हे तर लग्नाच्या फोटोंचं फोल्डर!’ मग कोडं सुटतं.

‘सिस्टम आयडल प्रोसेस’ ९७ टक्के सीपीयू खातेय! बंद कशी करायची?

करायची नाही, होणारही नाही. प्रोसेसर किती रिकामा बसलाय, त्याचा तो आकडा आहे. ९७ म्हणजे उत्तम.

डिस्क १०० टक्के दाखवतेय, पण बाजूला वेग फक्त १ एमबी. एवढंसं काम करून डिस्क भरली कशी?

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण विचारणाऱ्याने दोन्ही आकडे बघितलेले असतात.

तो १०० टक्क्यांचा आकडा जागेचा नाही आणि वेगाचाही नाही. डिस्क किती वेळ कामात अडकली होती, तो त्याचा हिशोब आहे. स्टेशनवर तिकिटाची एकच खिडकी उघडी आहे आणि रांगेतला प्रत्येक जण सुट्टे पैसे शोधतोय, असं समजा. खिडकीवरचा माणूस एक क्षण रिकामा नाही, म्हणजे १०० टक्के व्यस्त. पण तासाभरात तिकिटं किती फाडली, तर नगण्य.

जुन्या लॅपटॉपमधली फिरती हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्या मारते. म्हणजे सेकंदाला ९०, आणि एका फेरीला साधारण ११ मिलिसेकंद. हवा असलेला तुकडा हेडखाली (वाचणाऱ्या सुईखाली) येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, म्हणजे साडेपाच. त्याआधी हेड योग्य पट्ट्यावर सरकायला दहा-बारा मिलिसेकंद. एका मागणीला असे पंधरा ते अठरा मिलिसेकंद गेले, तर सेकंदाला जेमतेम साठ मागण्या भागतात. मागण्या ४ केबीच्या असल्या, तर साठ गुणिले चार, म्हणजे २४० केबी. एक एमबीसुद्धा नाही! आणि तरीही डिस्क १०० टक्के कामात आहे, खोटं बोलत नाही.

हीच डिस्क एक मोठा सिनेमा सलग कॉपी करताना सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास जाते, कारण तेव्हा हेडला उड्या माराव्या लागत नाहीत. बॅकग्राउंड प्रोसेसचं काम नेमकं उड्यांचं असतं: स्कॅनर इकडची फाइल मागतो, इंडेक्सर (फायलींची सूची बनवणारा) तिकडची, अपडेट तिसरीकडची. तिघं मिळून एकाच खिडकीवर.

एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नाही, म्हणून ती सेकंदाला हजारो मागण्या सहज भागवते. विंडोज १० किंवा ११ फिरत्या डिस्कवर चालवणाऱ्याला मी सरळ सांगतो: सेटिंगांशी खेळत बसू नका, लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जा आणि साधी साटा एसएसडी आणा. जुन्या मशीनला त्याहून मोठा फरक पाडणारा दुसरा इलाज माझ्या पाहण्यात नाही.

एसएसडी टाकली, तरी १०० टक्के दिसतं. मग तुमचं म्हणणं काय?

दोन गोष्टी बघा. एक, ती किती भरली आहे. एसएसडीला मोकळे ठोकळे हाताशी लागतात. काठोकाठ भरली की लिहिण्याआधी तिला आतल्याआत सामान हलवावं लागतं आणि ती अडखळते. पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवा. दोन, स्वस्तातल्या एसएसडीत जलद लिहिण्याचा भाग छोटा असतो. पहिले काही जीबी भराभर जातात आणि मग वेग कोसळतो. रोजच्या कामात ते जाणवत नाही, मोठं बॅकअप घेताना जाणवतं.

‘सर्व्हिस होस्ट’ नावाच्या पन्नास-साठ प्रोसेस आहेत. व्हायरस शिरला का?

नाही. विंडोजच्या सेवा, म्हणजे नेटवर्क, आवाज, छपाई, अपडेट वगैरे, या नावाखाली चालतात. पूर्वी एका होस्टमध्ये बऱ्याच सेवा कोंबलेल्या असत, आणि एक बिघडली की सगळ्यांना घेऊन पडायची. २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून, साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर बहुतेक सेवांना स्वतंत्र बिऱ्हाड मिळालं. म्हणून गर्दी दिसते. नावाशेजारचा बाण दाबला की आतली सेवा दिसते.

शंका असेल तर उजवं क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ बघा. विंडोज फोल्डरातलं ‘सिस्टम ३२’ उघडलं तर ठीक. ‘टेम्प’ किंवा ‘ॲपडेटा’ उघडलं, तर कोणीतरी वेश बदलून बसलंय.

यादीत नेहमी वर दिसणारी ही मंडळी कोण? कोणाला हात लावायचा?

‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर. ठरल्या वेळच्या स्कॅनला तो सरासरी अर्ध्या सीपीयूत भागवायला बघतो, ती मर्यादा मूळ सेटिंगमध्येच ५० टक्के आहे. पण हजारो बारीक फायली एकदम हलवल्या, झिप उघडली, फोटो कॉपी केले, की प्रत्येक फाइल तपासताना तो वर येणारच. बंद करू नका. स्कॅनची वेळ बदलता येते, ‘टास्क शेड्युलर’मध्ये विंडोज डिफेंडरच्या नावाखाली.

‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ म्हणजे अपडेट बसतोय. फिरत्या डिस्कवर तास-दीड तास चालू शकतं. मध्येच मशीन बंद केलं तर पुढच्या वेळी आधी झालेलं काम बऱ्याचदा उलटवलं जातं आणि मग पहिल्यापासून सुरू. वैताग दुप्पट.

‘विंडोज सर्च इंडेक्सर’ फायलींची सूची बनवतो. नवीन पेन ड्राइव्हमधून वीस हजार फोटो ओतले तर दिवसभर बसेल. तुम्ही काम करत असताना तो स्वतःहून हळू होतो. तरीही दिवसेंदिवस थांबला नाही, तर ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मधून मोठी फोल्डरं काढून टाका, नाहीतर सूची नव्याने बांधायला लावा.

‘सिसमेन’. जुनं नाव सुपरफेच, व्हिस्टापासून आहे. तुम्ही रोज काय उघडता ते लक्षात ठेवून आधीच मेमरीत आणून ठेवतो. फिरती डिस्क आणि कमी रॅम असेल तर हा उपकारकर्ता कधीकधी अंगावर येतो. ‘सर्व्हिसेस’मधून थांबवून एक दिवस बघा. फरक पडला तर बंदच ठेवा, नाही पडला तर परत चालू करा. दुसरं वाक्य कोणी पाळत नाही.

‘कॉम्पॅटिबिलिटी टेलिमेट्री’ मशीनची माहिती गोळा करते. टास्क शेड्युलरमध्ये ‘ॲप्लिकेशन एक्सपिरियन्स’खाली तिचं काम आहे, तिथून थांबवता येतं. माझ्या गिऱ्हाइकांपैकी कोणाचं त्यावाचून अडलेलं नाही.

आणि ‘डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट’. याला मारण्यात अर्थ नसतो, कारण तो फक्त हमाल आहे. दुसरा कोणीतरी प्रोग्राम त्याला सतत विचारतोय: बॅटरी किती, तापमान किती, प्रिंटरात शाई किती. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘डब्ल्यूएमआय ॲक्टिव्हिटी’च्या नोंदीत विचारणाऱ्या प्रोसेसचा क्रमांक मिळतो. तो क्रमांक टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये ‘पीआयडी’खाली शोधा. ओझं उतरवायचं तर मालक शोधा. बहुतेकदा मालक म्हणजे लॅपटॉपसोबत फुकट आलेलं एखादं ‘कंट्रोल सेंटर’ निघतं.

सीपीयू बरोबर २५ टक्क्यांवर अडकून बसतो. शंभर नाही, तरी सगळं रखडलंय. असं का?

तुमच्या प्रोसेसरला टास्क मॅनेजरच्या हिशोबाने चार कप्पे (‘लॉजिकल प्रोसेसर’) असतील, तर एक कप्पा पूर्ण भरला की एकूण आकडा २५ दिसतो. आठ असतील तर साडेबारा. कितीही वेळ हलत नाही असा गोल आकडा दिसला, की एखादी प्रोसेस एकाच वर्तुळात गरगर फिरतेय असं समजायचं.

गणपतीच्या आधीचा आठवडा होता. लालबागच्या एका बॅनरवाल्याचा रात्री साडेदहाला फोन: ‘दादा, मंडळाची माणसं दुकानात उभी आहेत आणि मशीन चालत नाही.’ गेलो. सीपीयू २५ वर गोठलेला, आणि वर ‘स्पूलर सबसिस्टम ॲप’. म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा. त्याच्या कामाच्या फोल्डरात, विंडोजमधल्या ‘सिस्टम ३२’ च्या ‘स्पूल’ आणि त्यातल्या ‘प्रिंटर्स’मध्ये, अकरा थोराड फायली. पोराने बाप्पाच्या बॅनरला प्रिंट दिली, काही आलं नाही म्हणून परत दिली, परत दिली. अकरा वेळा. पहिलीच फाइल मोडकी होती आणि तिच्यामागे दहा बाप्पा रांगेत उभे.

इलाज पाच मिनिटांचा. ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘प्रिंट स्पूलर’ थांबवायचा, त्या फोल्डरातल्या फायली पुसायच्या (फोल्डर नाही, फक्त आतल्या फायली), आणि स्पूलर पुन्हा सुरू करायचा. आकडा ३ वर आला. मंडळाच्या एकाने विचारलं, ‘एवढंच?’ हो, एवढंच. पैसे मात्र येण्याजाण्याचेही घेतले.

‘एंड टास्क’ केलं तर काय बिघडेल?

तुमचा स्वतःचा प्रोग्राम असेल तर न साठवलेलं काम जाईल, बाकी काही नाही. ‘विंडोज एक्सप्लोरर’ बंद पडला आणि टास्कबार गेला, तर घाबरू नका, टास्क मॅनेजरमधून ‘रन न्यू टास्क’ करून एक्सप्लोरर पुन्हा उघडा. पण विंडोजच्या मुळाशी असलेल्या काही प्रोसेस मारल्या की सरळ निळा पडदा येतो किंवा मशीन रीस्टार्ट होतं. विंडोज आधी ताकीद देतं. ती ताकीद वाचा.

बंद केलेली प्रोसेस दहा सेकंदांत परत उभी राहत असेल, तर तिला उठवणारा कोणीतरी आहे: एखादी सर्व्हिस, टास्क शेड्युलरमधलं काम किंवा स्टार्टअपची यादी. डास मारत बसण्यापेक्षा पिंपाचं झाकण बघा.

हँग झाला की मी पॉवरचं बटण दाबून धरतो. चालेल ना?

शेवटचा उपाय म्हणून चालेल. सवय म्हणून नाही. डिस्कचा दिवा लुकलुकत असताना तर अजिबात नाही. विंडोजची फाइल पद्धत आपल्या बदलांची वही ठेवते, त्यामुळे फोल्डरांचा सांगाडा सहसा वाचतो, पण त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल वाचेलच असं नाही. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी ग्रिड कोसळून मुंबईची वीज गेली, तेव्हा घरून काम करणाऱ्यांचे डेस्कटॉप धाडकन बंद पडले. पुढचे काही दिवस माझ्याकडे डिस्क तपासण्याचंच काम होतं.

रोज शटडाऊन करतो, तरी ‘अप टाइम’ १९ दिवस दाखवतोय. मशीन खोटं बोलतंय का?

नाही, अप टाइम म्हणजे विंडोज पहिल्यापासून सुरू होऊन किती वेळ झाला, आणि तुमचा शटडाऊन अर्धवट होतो. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आहे: बंद करताना विंडोजचा गाभा डिस्कवर तसाच साठवला जातो आणि सकाळी तिथूनच उचलला जातो. त्यामुळे गाभ्यात किंवा ड्रायव्हरात (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामात) काही अडकलं असेल, तर तेही रोज सकाळी ताजंतवानं उठतं. ‘रीस्टार्ट’ मात्र खरोखर पहिल्यापासून सुरू करतो. म्हणून फोनवर मी ‘बंद करून चालू करा’ म्हणत नाही, ‘रीस्टार्ट करा’ म्हणतो. गिऱ्हाइकाला वाटतं, एकच आहे.

रॅम ४ जीबी आहे. मग त्रास डिस्कला का होतो?

कारण रॅम पुरली नाही की विंडोज सध्या न लागणारं सामान डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ठेवतं आणि लागलं की परत आणतं. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात, तसं. गादी घालायची तर टेबल बाहेर, जेवायचं तर गादी गुंडाळा. सगळा वेळ हलवाहलवीत. रिसोर्स मॉनिटरच्या ‘मेमरी’मध्ये ‘हार्ड फॉल्ट्स’ बघा. मशीन रखडलं असताना तो आकडा सतत शेकड्यांत राहत असेल, तर दोषी प्रोसेस शोधू नका, रॅम वाढवा. ८ जीबी ही आज मला किमान वाटते.

खर्च करायच्या आधी ब्राउझर बघा. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब, कोणतं एक्स्टेन्शन किती खातंय ते कळतं. परळच्या एका काकूंच्या लॅपटॉपवर रेसिपीचे ७४ टॅब होते. ‘बंद केले तर सापडणार नाहीत ना रे.’ सगळे एका फोल्डरात बुकमार्क करून दिले.

दोन अँटीव्हायरस ठेवले तर सुरक्षा दुप्पट?

भांडण दुप्पट. दोघं प्रत्येक फाइल तपासतात, आणि एकमेकांच्या फायलीही. एक ठेवा. मुदत संपलेला तर लगेच काढा, आणि काढताना त्या कंपनीचं स्वतःचं काढण्याचं साधन वापरा, नाहीतर मुळं आत राहतात.

लॅपटॉपचा सीपीयू १०० टक्के, पण वेग ०.७९ गिगाहर्ट्झ. हे काय?

तुमचा प्रोसेसर दमलेला नाही, त्याला कोणीतरी लगाम घातलाय. ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूचा ‘स्पीड’ बघायची सवय म्हणूनच चांगली. कारणं बहुधा दोन. काही लॅपटॉप चार्जर ओळखीचा नसेल तर मुद्दाम वेग खाली आणतात, आणि डुप्लिकेट चार्जर किंवा आतली बारीक पिन वाकलेला मूळ चार्जर त्यांना ओळखू येत नाही. चार्जर काढून बॅटरीवर चालवा. वेग वर गेला तर चोर सापडला.

दुसरं कारण उष्णता. आपल्याकडे बांधकामांची धूळ आणि दमट हवा मिळून पंख्यामागच्या जाळीवर नमद्यासारखा थर बसतो. नुसत्या फुंकरीने तो निघत नाही, मशीन उघडावं लागतं. त्यात मे महिना आणि लॅपटॉप गादीवर. जास्त तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला हळू होतो. मग नेहमीचं कामही त्याला १०० टक्के वाटतं आणि आपण निष्पाप बॅकग्राउंड प्रोसेसला शिव्या घालतो.

‘सिस्टम इंटरप्ट्स’ वर दिसतंय.

दोष हार्डवेअरचा किंवा ड्रायव्हरचा. यूएसबीला लावलेलं एकेक उपकरण काढत जा.

टास्क मॅनेजर उघडला की पंखा गप्प, बंद केला की परत सुरू. भास होतोय का?

भास नाही. दुसऱ्यासाठी क्रिप्टोची नाणी खणणारे प्रोग्राम असतात, त्यातले काही टास्क मॅनेजर उघडल्याचं ओळखून तेवढ्यापुरते लपतात. येतात कुठून, हे मी विचारत नाही. फुकटचा गेम, फुकटचं डिझाइनचं सॉफ्टवेअर किंवा विंडोज ‘ॲक्टिव्हेट’ करणारी छोटी फाइल, या तिघांपैकी एक असतंच. आणि ती फाइल चालवण्याआधी ‘अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते, तीही इमानदारीने पाळलेली असते.

‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ आहे. तो मशीन रीस्टार्ट करून विंडोज उठायच्या आधी तपासतो, त्यामुळे लपणाऱ्याला लपायला जागा मिळत नाही. डिफेंडरच्या ‘एक्सक्लूजन्स’ची, म्हणजे तपासू नको असं सांगितलेल्या फोल्डरांची, यादीही बघा, तिथे तुम्ही न घातलेलं फोल्डर सापडलं तर घरभेदी तोच. सर्ट-इन या सरकारी संस्थेचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ २०१७ पासून आहे, त्यांच्या संकेतस्थळावर सफाईची साधनं मोफत मिळतात. एवढं करूनही बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला.

डिस्क कामात आहे की मरायला टेकली आहे, हे कसं ओळखायचं?

रिसोर्स मॉनिटरमध्ये काही विशेष काम नसताना एकेका फाइलला हजार-दोन हजार मिलिसेकंद लागत असतील, तर काळजी करा. इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘सिस्टम’ नोंदींत ‘डिस्क’च्या नावाने ७ किंवा १५३ क्रमांक पुन्हापुन्हा दिसत असतील, तर जास्त काळजी करा: ७ म्हणजे खराब ठोकळा सापडला, १५३ म्हणजे मागणी पुन्हा करावी लागली. टक टक असा ठराविक आवाज येत असेल तर हे वाचणं थांबवा आणि बॅकअप घ्या.

क्रम महत्त्वाचा. आधी बॅकअप, मग ‘चेक डिस्क’. मरणाऱ्या डिस्कवर आधी पूर्ण तपासणी चालवणं म्हणजे हृदयविकाराच्या माणसाला सिद्धिविनायकापर्यंत चालत पाठवणं. वरळीच्या एका क्लासवाल्या सरांनी माझं न ऐकता रात्रभर तपासणी लावली. सकाळी डिस्क ओळखूच येईना. पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका गेल्या. कधीकधी दोष फक्त सैल साटा केबलचा असतो, पण तेही बॅकअपनंतरच बघावं.

व्हिडिओत सांगतात त्या पंचवीस सर्व्हिसेस बंद केल्या, ‘बूस्टर’ही टाकला. आता वायफाय आणि प्रिंटर चालत नाही.

बूस्टर काढा, तो स्वतःच बॅकग्राउंड प्रोसेस आहे. सर्व्हिसेस एकेक करून मूळ जागी आणा, नाहीतर ‘सिस्टम रिस्टोर’चा जुना बिंदू शोधा. मशीन हलकं करायचंच असेल तर टास्क मॅनेजरमधलं ‘स्टार्टअप’ पुरेसं आहे. तिथे बंद केलेला प्रोग्राम विंडोजसोबत उठत नाही, एवढंच. हवा तेव्हा उघडता येतो.

विंडोज १० ला अपडेट थांबले ना? मग आता शांतता?

१४ ऑक्टोबर २०२५ ला नियमित पाठिंबा संपला. वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केली नसेल तर अपडेटचा भार कमी होईल, हे खरं, पण दाराची कडीही निघाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे जुनी मशीनं अडतात. फक्त जुने हिशोब बघायला ठेवलेलं मशीन असेल तर त्याचं इंटरनेट काढून टाका. निवांत चालतं.

मॅकवर ‘कर्नल टास्क’ खूप खातो.

तो बऱ्याचदा प्रोसेसर थंड ठेवण्यासाठी मुद्दाम जागा अडवून बसतो. मॅक गार करा, तो उठेल. ‘एमडीएस’ने सुरू होणारी नावं स्पॉटलाइटची, म्हणजे सूची बनवणारी.

तुम्हाला फोन करण्याआधी काय तयार ठेवू?

मशीन रखडलेलं असतानाच मोबाइलने टास्क मॅनेजरचे दोन फोटो काढा: एक सीपीयूच्या क्रमाने, एक डिस्कच्या. मग ‘परफॉर्मन्स’मधला सीपीयूचा फोटो, ज्यात स्पीड आणि अप टाइम दिसेल. त्रास कधीपासून, आणि त्याच्या आदल्या दिवशी काय नवीन टाकलं किंवा जोडलं, ते आठवून ठेवा. ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं तर मी घरातल्या मुलांना विचारतो.